द्रोगोमीर बाहेर कसा गेला

राष्ट्र उभे राहते ते ग्रंथांवर, आणि ग्रंथ उभे राहतात ते कपाटात. ग्रंथ आडवा झाला, म्हणजे कोणी वाचायला काढला, की त्याचा कणा मोडतो, पानांना तेलाचे डाग पडतात, मधे कोणीतरी ट्रामचे तिकीट खूण म्हणून ठेवून जातो आणि हळूहळू राष्ट्रही कलू लागते. आमच्या पोलंडात ही गोष्ट फार पूर्वी ध्यानात आली. म्हणूनच तीन शेजारी साम्राज्यांनी शंभरावर वर्षे आमचा देश वाटून खाल्ला, तरी ‘द्रोगोमीर’ हा आमचा राष्ट्रग्रंथ जसाच्या तसा शाबूत राहिला. पुष्कळ घरांत तर त्याची जोडपाने अजून सुरीने कापून सुटी केलेली नाहीत.

देश पुन्हा एक झाल्यावर शिक्षण खात्याने याची रीतसर पाहणी केली. साक्षर नागरिकांपैकी शेकडा सत्त्याण्णव जणांनी ‘द्रोगोमीर’ वाचल्याचे सांगितले. उरलेल्या तिघांनी सध्या दुसऱ्यांदा वाचत असल्याचे सांगितले. (निरक्षरांपैकी शेकडा ब्याऐंशी जणांनी वाचला होता.)

ग्रंथाचा विषय सोपा आहे. पहिल्या खंडात द्रोगोमीर नावाचा चोवीस वर्षांचा, थोडी जमीन आणि पुष्कळ मिशा असलेला एक सरदारपुत्र आपल्या घराच्या दाराशी येतो. बाहेर बर्फ आहे आणि बर्फात शत्रूची पलटण उभी आहे. बाहेर जावे की न जावे, असा प्रश्न त्याला पडतो. दुसऱ्या खंडात तो प्रश्न अधिक खोल जातो. तिसऱ्या खंडाच्या अगदी शेवटच्या ओळीत द्रोगोमीर मरायचे ठरवतो, दार उघडतो आणि बाहेर जातो. ही शेवटची ओळ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते, असे म्हणतात.

थोर माणसाला जिवंतपणी देशाबाहेर घालवायचे आणि त्याची हाडे झाली की वाजतगाजत परत आणायचे, ही आमची जुनी रीत. (जिवंत आणला तर तो बोलतो.) त्या रीतीला धरून ‘द्रोगोमीर’च्या कर्त्याची हाडे परदेशातून आणायचे ठरले, आणि त्या सोहळ्याला शोभा यावी म्हणून ग्रंथाचा चित्रपट काढायचे ठरले. चित्रपट म्हणजे अर्थातच मूकपट. बोलणारी चित्रे निघणार अशा कंड्या तेव्हा अमेरिकेतून येत होत्या, पण आमच्या जाणकारांचे मत स्पष्ट होते, की राष्ट्रग्रंथासाठी मूकपटासारखे माध्यम नाही. त्यात ग्रंथातला एकही शब्द ऐकू येत नाही. शिवाय थिएटरात अंधार असतो, त्यामुळे कोण जागे आहे हे शेजाऱ्याला कळत नाही.

द्रोगोमीरच्या भूमिकेसाठी तेओफिल स्कोव्रोन यांची निवड झाली. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.

त्यांच्या निवडीला कारण होते. झारच्या अमलात तेओफिल एका फिरत्या नाटक कंपनीत द्रोगोमीरचे काम करीत. सरकारी सेन्सॉर पहिल्या रांगेत बसे. नाटकाला त्याची हरकत नव्हती. माणसाने घरात बसून वाटेल तेवढा विचार करावा, असे त्याचे उदार धोरण होते. हरकत फक्त दाराला होती. दार उघडता कामा नये, एवढी एकच अट त्याने घातली, आणि खबरदारी म्हणून कंपनीचे लाकडी दार जप्त करून तिला कापडावर रंगवलेले दार वापरण्याची लेखी परवानगी दिली. तेव्हापासून वीस हिवाळे तेओफिल रंगवलेल्या कडीवर हात ठेवून उभे राहिले आणि पडदा पडला. लोक रडत, फुले टाकत. पण नाटकामागून नाटक दारापर्यंत जायचे आणि दारातच राहायचे, हे माणसाला आतून पोखरते. देश स्वतंत्र झाला तेव्हा तेओफिलना वाटले, आता दार उघडेल. तोवर लोकांना नाचगाण्याच्या नाटकांची गोडी लागली होती. तेओफिलना बटलरची कामे मिळू लागली. बटलर दार उघडतो, पण दुसऱ्यासाठी.

चित्रपटाचे पत्र आले तेव्हा ते स्वयंपाकघरात बीटाचे सार पीत होते. त्यांची पत्नी होनोराता समोर बसली होती. बाईंनी सारा जन्म रंगमंचाच्या खालच्या खोक्यात बसून नटांना विसरलेली वाक्ये पुरवण्यात घालवला होता. त्यामुळे कोणत्या माणसाला कुठे अडखळायला होणार, हे त्यांना आधीच कळे.

“चोवीस वर्षांचा द्रोगोमीर,” होनोराता म्हणाल्या. “आणि तुला गुडघ्याला फ्लॅनेल गुंडाळल्याशिवाय उभं राहता येत नाही.”

“गुडघे विजारीच्या आत असतात.”

“मिशा?”

“त्या चिकटवतात.”

“आवाज तर नाहीच. मग त्यात तुझं असं काय राहिलं रे?”

तेओफिलनी चमचा खाली ठेवला. “मी दारातून बाहेर जातो, होनोरात्का,” ते लाडाने म्हणाले. “खऱ्या दारातून.”

बाईंनी उठून नवऱ्याच्या ताटलीत आणखी सार वाढले. त्यांच्या भाषेत ही संमती होती.

दिग्दर्शक अपोलिनारी गोर्चित्सा हे तरुण आणि उत्साही गृहस्थ होते. यापूर्वी त्यांनी एका साबणाच्या कारखान्यावर चित्रपट काढला होता, आणि तो पाहून बिशपसाहेब गहिवरले होते. वॉर्सापासून जवळच, ओत्वोत्स्कच्या बाजूला, त्यांनी एक जुने जमीनदारी घर शोधले. फेब्रुवारी होता. दारापासून थेट बर्चच्या झाडांपर्यंत बर्फ पसरला होता.

“पान तेओफिल,” गोर्चित्सा म्हणाले. (‘पान’ हे आमच्याकडचे ‘राव’, फक्त नावाच्या आधी लागते. पुस्तकाचे पान वेगळे. ते आमच्याकडे क्वचितच उलटले जाते.) “दार उघडायचं, बाहेर पडायचं आणि चालत राहायचं. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. चेहऱ्यावर निश्चय हवा. आणि घाई. मरणाला उशीर झालाय असं.”

तेओफिलनी कडीवर हात ठेवला. क्षणभर सवयीने थांबले. मग दार उघडले आणि ते बाहेर गेले. उजवा हात तलवारीच्या पट्ट्यावर, ओठ आवळलेले, चेहऱ्यावर वेदना, कपाळावर त्या थंडीतही घाम, आणि पावले झपाझप. जाता जाता त्यांनी तोंडाने “चाललो मी,” असे वाक्यही म्हटले, भरल्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असे. मूकपटात आवाजाचा काही उपयोग नसतो, पण तेओफिलनी काटकसर केली नाही. कॅमेऱ्याचा दांडा फिरवणाऱ्या माणसाने मोकळ्या हाताने टोपी काढली. गोर्चित्सा ‘थांबा’ म्हणायचे विसरले. तेओफिल बर्चच्या झाडांआड दिसेनासे झाले, आणि त्यांना परत आणायला घोडागाडी पाठवावी लागली.

“पाहिलंस?” गाडीतून उतरताना त्यांनी चित्रीकरण पाहायला आलेल्या पत्नीला विचारले.

“पाहिलं,” होनोराता म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. “दार उघडलंस, आणि लावायचं विसरलास. आत सगळी थंडी घेतली.”

त्या दिवशी तेओफिल स्कोव्रोन सुखी होते. असे साधे वाक्य या हकिकतीत पुन्हा येणार नाही.

आता समितीकडे वळू. राष्ट्रग्रंथाला कॅमेऱ्याच्या तावडीत एकटे सोडणे बरे नव्हे, म्हणून ‘राष्ट्रीय वाङ्मयाच्या हलत्या चित्रांवरील सर्वोच्च देखरेख समिती’ नेमण्यात आली होती. देश तीन तुकडे जोडून झालेला, म्हणून सभासदही तीन: एक वॉर्साचे प्राध्यापक, एक क्राकोचे प्राध्यापक आणि पोझनानचे एक डॉक्टर (वैद्यकीचे नव्हेत, व्याकरणाचे). समितीने कामाला कसून सुरुवात केली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी द्रोगोमीर बीटाचे सार घेतो की आळिंब्यांचे, यावर वॉर्सा आणि क्राको यांच्यात वसंत ऋतूपर्यंत एकमत झाले नाही, म्हणून ताट काढून टाकण्यात आले. मग बाकीच्या ताटांवरही संशय आला. परिणामी तीन तासांच्या चित्रपटात द्रोगोमीर एकदाही जेवत नाही. समीक्षकांनी पुढे याला वैराग्य म्हटले. घोड्याच्या रंगावर वाद झाला आणि घोडा गेला. नायिकेच्या वेणीवर वाद झाला आणि नायिका पाठमोरी झाली. पोझनानच्या डॉक्टरांनी एका दृश्यात मेणबत्ती दिवसा जळताना पाहिली आणि ती विझवायला लावली.

असे करत समिती शेवटच्या पाटीपर्यंत आली. मूकपटात जे दिसत नाही ते काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहून दाखवतात. शेवटची पाटी होती, ‘आणि द्रोगोमीर बाहेर गेला.’ इथे समितीचे पाऊल अडले.

अडचण भाषेची होती. आमच्या भाषेत घराबाहेर पडण्याला दोन शब्द आहेत. वॉर्साचा माणूस उंबरा ओलांडला की ‘वाड्यावर’ जातो, मग बाहेर वाडा असो की गटार. क्राकोचा माणूस तेच करताना ‘शेतावर’ जातो, जरी तो भर शहरात चौथ्या मजल्यावर राहत असला तरी. दोघे एकाच फूटपाथवर उतरतात आणि एकमेकांना अडाणी समजतात. (नुसता ‘बाहेर’ एवढाच अर्थ सांगणारा तिसरा शब्द आहे; तो पन्हळीच्या जाहिरातीत वापरतात.) ग्रंथकर्त्याने कोणता शब्द वापरला होता, ते सांगता येत नाही. हस्तलिखितात नेमका त्या जागी डाग आहे. वॉर्साचे तज्ज्ञ त्याला अश्रू म्हणतात. क्राकोचे तज्ज्ञ बुरगुंडी वाइन म्हणतात आणि सालही सांगतात.

“आयुष्याच्या शेवटच्या क्षणी हा वीर शेतावर जातो?” वॉर्साचे प्राध्यापक म्हणाले. “कशाला? बटाटे काढायला?”

“आणि तुमचा वाड्यातून निघून वाड्यावर जातो,” क्राकोचे प्राध्यापक म्हणाले. “म्हणजे गेला कुठं? जिन्याखाली?”

“प्राध्यापकसाहेब, आमच्या आवृत्तीवर राष्ट्र रडलंय.”

“आमच्या आवृत्तीवर आधी रडलंय. तुमची नंतर छापली.”

पोझनानचे डॉक्टर तोवर पेन्सिलीला टोक करीत होते. ते म्हणाले, “आमच्याकडे तो जातच नाही.”

आणि ते खरे होते. प्रशियाच्या सेन्सॉरने तिकडच्या आवृत्तीचे शेवटचे पान काढून टाकले होते, आणि कागद वाया जाऊ नये म्हणून प्रकाशकाने त्या जागी बार्लीच्या कॉफीची जाहिरात छापली होती. पोझनानचा द्रोगोमीर दाराशी येतो, आयुष्याचा विचार करतो आणि मग कॉफी येते. तिकडच्या तीन पिढ्या या शेवटावर हुंदके देऊन रडल्या आहेत. पोझनानच्या सहकारी पतपेढ्यांचा उगम या पानात आहे, असे डॉक्टरांनी तक्त्यासह दाखवून दिले.

तीन शेवट असलेल्या तीन प्रती काढाव्यात, असे गोर्चित्सांनी सुचवून पाहिले. समितीने त्यांच्याकडे असे पाहिले, की गोर्चित्सांनी सूचना परत घेतली आणि टोपीही घेतली. तीन तुकडे नुकते जोडलेल्या देशाला तीन शेवट कसे परवडणार? बैठका वाढल्या. हाडे सरहद्दीवर येऊन थांबली. शेवटी एक उपसमिती मोजणीदाराला घेऊन ओत्वोत्स्कला गेली आणि तिने जागेची पाहणी केली. अहवाल आला. वाडा इथे संपतो, शेत तिथे सुरू होते, आणि या दोहोंच्या मधे जी जमीन आहे तिला ‘परस’ म्हणतात.

समितीवर प्रकाश पडला. परस हा वाड्याच्या कुंपणाच्या आत असतो, म्हणून वॉर्साची हरकत उरली नाही. त्याचे तोंड शेताकडे असते, म्हणून क्राकोचे समाधान झाले. पोझनानच्या डॉक्टरांनी रात्रभर विचार करून असे मत दिले, की परसात गेलेला माणूस थोड्या वेळाने परत येतो, तेव्हा खऱ्या अर्थाने तो बाहेर गेला असे म्हणता येत नाही. सबब आपल्या आवृत्तीलाही बाध येत नाही. ठराव एकमताने संमत झाला. आमच्या प्रजासत्ताकात एकमताने झालेला हा पहिलाच ठराव. त्या आनंदात बिगोसचे पातेले मागवण्यात आले, आणि त्यातल्या आंबट कोबीवर तिघांनी एकमेकांच्या शहरांच्या नावाने व्होडका घेतली. पाटी अशी ठरली:

‘आणि द्रोगोमीर परसाकडे गेला.’

आता, परसाकडे जाणे म्हणजे काय, हे आमच्या देशात ठाऊक नसलेला माणूस नाही. ते सर्वांना ठाऊक होते, हीच अडचण होती. टंकलेखिकेने तो शब्द टाइप करताना क्षणभर हात थांबवला. पण खाली तीन सह्या होत्या, आणि तीन विद्वानांना जे सुचले नाही ते आपल्याला सुचले हे कबूल करणे कुमारिकेला शोभले नसते. हेडक्लार्क हसू दाबायला खोकला. विभागप्रमुखांनी खिडकीबाहेर पाहत सही केली. मंत्र्यांनी ‘समर्पक’ असा शेरा मारला. एकंदर अकरा कचेऱ्यांतून तो कागद गेला, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी मनाशी हेच म्हटले, की वरच्यांनी पाहिलेच असेल.

गोर्चित्सा स्वतः ही बातमी घेऊन स्कोव्रोन यांच्या घरी आले. ती ऐकून होनोराता आधी खूप हसल्या, अगदी पदराने, म्हणजे अॅप्रनच्या टोकाने, डोळे पुसेपर्यंत. मग त्यांचे लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेले आणि त्यांनी अॅप्रन खाली सोडला.

“तो मरायला जातो,” तेओफिल म्हणाले.

“मला कळतंय, पान तेओफिल.”

“मी मरायला गेलो होतो. तुम्ही पाहिलंत. त्या माणसानं टोपी काढली.”

“मला कळतंय हो. पण सह्या तिघांच्या आहेत. आणि खरं सांगू का...” गोर्चित्सा टोपीची कड चाचपू लागले. “काल मी ती पाटी लावून पाहिली. दृश्याला बसते.”

इथेच सारी गोम होती. ओठ आवळलेले, कपाळावर घाम, एक हात पट्ट्यावर, पावले झपाझप, आणि दार लावायचेही भान नाही. पाटीचा शब्द आणि नटाचा अभिनय यांचा इतका नेमका मिलाफ आमच्या पडद्यावर त्यापूर्वी झाला नव्हता आणि पुढेही झाला नाही.

तेओफिल समितीकडे गेले. त्यांनी चांगला कोट घातला होता. समितीने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि काचेच्या पेल्यात चहा दिला, म्हणजे वागणुकीत काही कमी केले नाही.

“आपण म्हणता तो अर्थ शब्दकोशात नाही,” वॉर्साचे प्राध्यापक म्हणाले. (शब्दकोश त्यांनीच रचला होता.)

“आमच्याकडे त्या गोष्टीला वेगळा शब्द आहे,” क्राकोचे प्राध्यापक म्हणाले.

“आमच्याकडे ती सोय घरातच असते,” पोझनानचे डॉक्टर म्हणाले.

“साहेब, लोक हसतील,” तेओफिल म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. राष्ट्रग्रंथाला कोणी हसेल, ही कल्पना त्यांच्यापुढे कोणी प्रथमच मांडत होते. वॉर्साच्या प्राध्यापकांनी त्यांना समजावून सांगितले, की मूकपटातल्या नटाने मत देणे हे त्या माध्यमाच्या प्रकृतीला धरून नाही, आणि त्यांच्यासाठी बग्गी मागवली.

एका गोष्टीत तेओफिल सपशेल चुकले होते. लोक हसले नाहीत.

पहिला खेळ दुपारी झाला. सकाळी हाडांची मिरवणूक निघाली होती, त्यामुळे सर्वांच्या अंगावर काळे कपडे होते. पहिल्या रांगेत बिशपसाहेब, दोन सेनापती आणि समितीचे सभासद. मागे पदवीच्या उतरत्या क्रमाने बाकीचे. स्कोव्रोन पतिपत्नींना बाजूच्या रांगेत खांबाआड जागा मिळाली होती. आमच्याकडे थिएटरात वाचता येणारे लोक पाट्या मोठ्याने वाचतात, म्हणजे वाचता न येणाऱ्यांना कळते. (आणि वाचता येणाऱ्यांना आपल्याला वाचता येते हे कळते.) तीन तास पियानो वाजला आणि आठशे लोक प्रार्थनेसारखे पुटपुटत राहिले. शेवटी ते दार आले. तेओफिलनी ते उघडले आणि बर्फात पाऊल टाकले. होनोरातांनी त्यांचा हात धरला. पाटी आली.

“आणि द्रोगोमीर परसाकडे गेला,” आठशे लोक पुटपुटले.

प्रत्येकाने आपण ऐकले ते बरोबर का, म्हणून शेजाऱ्याकडे पाहिले, आणि शेजाऱ्याचा चेहरा गंभीर दिसला म्हणून आपलाही गंभीर केला. ज्यांना शेवट खरोखर ठाऊक असता ते बोलले असते. पण शेवट ठाऊक असायला सुरुवात करावी लागते. ‘आपल्याला वेगळेच आठवत होते,’ असे म्हणायचे तर ‘मग कोणत्या पानावर?’ हा प्रश्न आलाच.

इतक्यात बिशपसाहेब उभे राहिले. त्यांचे वय शहात्तर होते, चित्रपटाला मध्यंतर नव्हते, आणि पडद्यावरच्या शब्दाने त्यांना एका निकडीची आठवण करून दिली होती. पण बिशप उठलेले पाहताच सेनापती उठले. सेनापतींना पाहून मंत्री उठले, आणि बघता बघता सारे थिएटर राष्ट्रग्रंथाच्या सन्मानार्थ ताठ उभे राहिले. पियानोवाल्याने प्रसंग ओळखून राष्ट्रगीत सुरू केले. आता राष्ट्रगीत संपेपर्यंत बिशपसाहेबांना हलता येईना. त्यांच्या चेहऱ्यावरची भावना पाहून पुष्कळांना रडू आले.

राष्ट्रगीत संपले तेव्हा खांबाआडून आवाज आला. मोठा नव्हता, पण रंगमंचावर कमावलेला होता, आणि तीन तासांत त्या थिएटरात माणसाचा असा आवाज उमटला नव्हता.

“मी परसाकडे गेलो नव्हतो,” तेओफिल म्हणाले. “मी मरायला गेलो होतो.”

कोणीही मान वळवली नाही. सभ्य समाजात अशा वेळी मान वळवायची नसते. दोन द्वारपाल आले. त्यांनी तेओफिलना दोन्ही दंडांना धरले, अगदी अदबीने, कारण त्यांनाही तेच द्रोगोमीर वाटत होते. “चला, पान,” त्यातला एक म्हणाला, “बाहेर चला.” (तो वॉर्साचा होता, म्हणजे ‘वाड्यावर चला’ म्हणाला.) होनोराता त्यांची हॅट घेऊन मागे निघाल्या. “हळू धरा रे,” त्या म्हणाल्या. “गुडघ्याला फ्लॅनेल आहे.” आठशे लोकांच्या देखत तेओफिल स्कोव्रोन दारातून बाहेर गेले. आठशे लोक पडद्याकडे पाहत होते, आणि पडद्यावर आता काहीच नव्हते.

चित्रपटाला यश मिळाले, हे सांगायला नको. पुढच्या वर्षीपासून शालान्त परीक्षेत ‘परसाकडे जाण्यामागील द्रोगोमीरची नैतिक भूमिका’ हा प्रश्न येऊ लागला, आणि विद्यार्थ्यांनी चांगले गुण मिळवले. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात डाग काढून तो शब्द छापला आहे.

तेओफिलना नंतर काम मिळाले नाही. मात्र त्यांची बाजू खरी होती, याविषयी आज आमच्या शहरात दुमत नाही. त्या दुपारी आपण तेओफिलच्या बाजूने उभे होतो, असे मला सांगणारे लोक आजवर तीन हजारांवर भरले आहेत. थिएटरात खुर्च्या आठशे होत्या, पण उभे राहायला जागा कमी लागते, असे धरून मी हिशेब जुळवला आहे. त्यांत समितीचे तिन्ही सभासद आहेत. बिशपसाहेब तर म्हणतात, की सर्वांत आधी आपण उठलो, आणि ते कोणालाही नाकारता येत नाही. मागच्या आठवड्यात मी स्कोव्रोन यांच्याकडे गेलो होतो. होनोरातांनी सार दिले. तेओफिल खिडकीशी बसले होते, आणि जिन्यावर पाऊल वाजले की दाराकडे पाहत होते. ही पावले शेजाऱ्यांची असतात. त्या तीन हजारांपैकी एकही तो जिना चढलेला नाही. जिना अंधारा आहे आणि मजला चौथा, हेही खरेच.

वाचकहो, इथवर येता येता तुम्हीही तेओफिल यांच्या बाजूने उभे राहिला आहात, हे मला दिसते आहे. आभारी आहे, तुम्हालाही त्या तीन हजारांत धरतो. आता बसा म्हणालो असतो, पण तुम्ही तर उठलाच नव्हता.